झाडाखालची उघडी जमीन बारमाही हिरवी कशी ठेवायची

आमच्या परसात एक आंबा आहे. पुण्याच्या जुन्या वसाहतींमधून असतो तसा डेरेदार, भर दुपारीही खाली अंधारून यावं इतका दाट. त्याच्या खालची जमीन वर्षानुवर्षं उघडी होती. पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात धूळ, मधल्या काळात गाजरगवत. तिथे दोनदा लॉन लावून पाहिलं. दुसऱ्या वेळचं लॉन दिवाळीपर्यंत पिवळं पडलं आणि संक्रांतीच्या सुमारास उचलायला गेले तर चटईसारखं सबंध हातात आलं. गवताची मुळं खालच्या मातीत उतरलीच नव्हती.

पुढच्या जूनमध्ये आभाळ भरून आलं तेव्हा मी एकसारख्या दोन वाट्या बाहेर ठेवल्या. एक अंगणात उघड्यावर, दुसरी आंब्याच्या बुंध्यापासून चार फुटांवर. सर थांबल्यावर पाहिलं तर अंगणातली वाटी अर्धी भरली होती आणि आंब्याखालच्या वाटीचा तळ जेमतेम झाकला होता. बाकीचं पाणी पानांनी वरच्या वर अडवलं होतं. जे थोडं खाली उतरलं, त्यावर आंब्याची स्वतःची मुळं टपून बसलेली. तेव्हा कळलं की आपण इतकी वर्षं उजेडाची काळजी करत होतो आणि रोपं मरत होती तहानेनं.

हा लेख त्या समजुतीवर उभा आहे. झाडाखाली, इमारतीच्या उत्तरेला, दोन भिंतींमधल्या बोळात किंवा सोसायटीच्या कंपाउंडलगत वर्षभर हिरवी राहणारी, जमिनीलगत पसरणारी बहुवर्षायू रोपं कशी लावायची, ते क्रमानं सांगते. नर्सरीत या रोपांना सरसकट ‘ग्राउंड कव्हर’ म्हणतात. तिथेही तोच शब्द वापरा, नाहीतर हाती भलतीच वेल येते.

एक खुलासा आधीच करते. इंटरनेटवर सावलीतल्या रोपांच्या याद्या शोधल्या की पॅकिसँड्रा, आयव्ही, व्हिंका मायनर, होस्टा ही नावं येतात. ती थंड देशांतल्या बागांची रोपं आहेत. होस्टा तर तिथेही हिवाळ्यात जमिनीत दडून जाते. तुम्ही तशा प्रदेशात राहत असाल तर तिथल्या याद्या तुमच्या कामाच्या आहेत. पुढचं सगळं महाराष्ट्रातल्या आणि गोव्यातल्या हवेसाठी आहे.

आधी सावली ओळखा

एक सुटीचा दिवस काढा. सकाळी आठ, दहा, दुपारी बारा, दोन आणि चार वाजता त्या जागेवर जाऊन ऊन कुठे पडतं ते पाहा, विटेचा तुकडा ठेवून खूण करा. साधारण तीन प्रकार दिसतील. बकुळ किंवा विरळ केलेल्या आंब्याखाली कवडसे पडतात, ते दिवसभर सरकत राहतात. बहुतेक रोपांना ही सावली मानवते. दुसरी, भिंतीच्या आडोशाची सावली: थेट ऊन नाही, पण वर आभाळ उघडं असल्यानं उजेड भरपूर. तिसरी गडद सावली, म्हणजे जिथे दुपारी बारा वाजता वर्तमानपत्र वाचताना डोळे ताणावे लागतात. तिथे निवड फार थोडी उरते.

पण एका दिवसाच्या पाहणीवर थांबू नका, कारण आपल्याकडे सावली ऋतूप्रमाणे जागा बदलते. डिसेंबरात पुण्यात भर दुपारी तीस फूट उंच इमारतीची सावली उत्तरेला सुमारे सत्तावीस फूट पसरते. त्या वेळी उत्तरेकडची पट्टी पाहून कुणीही म्हणेल, इथे कधी ऊनच येत नाही. प्रत्यक्षात मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून जुलैअखेरपर्यंत पुण्या-मुंबईत दुपारचा सूर्य थोडा उत्तरेकडे कललेला असतो. नागपुरात हाच काळ मेअखेर ते जुलैच्या मध्यापर्यंत. म्हणजे वर्षभर सावलीत वाढलेल्या कोवळ्या पानांवर नेमकं पाऊस यायच्या आधीचं कडक ऊन थेट पडतं. उत्तरेच्या भिंतीलगतची फिटोनियासारखी नाजूक पानांची रोपं आणि फर्न मेअखेरीस करपतात त्याचं कारण हे. तिथे तीन आठवडे हिरव्या शेडनेटची पट्टी बांधा किंवा मुळातच चिवट रोप निवडा.

पानगळीच्या झाडांचंही असंच. गुलमोहर, पांगारा ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर बोडके होतात. ज्या महिन्यांत खालच्या रोपांना सावली हवी असते, त्याच महिन्यांत ती जाते. आंबा, बकुळ, सीताअशोक यांच्याखाली हा प्रश्न येत नाही.

मग पाणी तपासा

वाट्यांचा प्रयोग तुम्हीही करा, अर्ध्या तासाचं काम आहे. पावसाळा नसेल तर त्या जागी बादलीभर पाणी सावकाश ओता आणि तासाभरानं खुरप्यानं वीतभर खणा. वर ओल आणि चार बोटांखाली कोरडी भुकटी निघाली, तर ती ‘कोरडी सावली’. माती हाताला चिकटत असेल, हिरवट शेवाळ दिसत असेल, तर ‘ओली सावली’. रोपांची निवड या एका फरकावर ठरते, म्हणून हे तपासल्याशिवाय नर्सरीत जाऊ नका.

कौलारू घर असेल तर पागोळ्यांची रेघ वेगळी धरा. तिथे पाणी इतक्या जोरात पडतं की कोवळी रोपं उखडून जातात आणि भिंतीवर तांबडी माती उडते. पागोळ्यांखाली फूटभर रुंद खडीची पट्टी ठेवावी आणि रोपं तिच्या पलीकडे लावावीत. कोकणात तर याला दुसरा इलाजच नाही.

जमीन तयार करताना कुदळ बाजूला ठेवा

मोकळ्या जागी आपण वाफा खणतो तशी झाडाखाली जमीन खणायची नाही. झाडाची अन्न ओढणारी बारीक मुळं वरच्याच थरात असतात. कुदळीनं ती तुटली की झाडालाही इजा आणि तुमचाही फायदा नाही, कारण तोडल्या जागी ती दुप्पट जोमानं फुटतात. खुरप्यानं मुळांच्या मधल्या जागा शोधायच्या आणि तेवढेच मूठभर खड्डे करायचे.

लावणीआधी वर दीड-दोन इंच थर पसरा: कुजलेलं शेणखत आणि पानांचं खत समान, त्यात घमेल्यामागे मूठभर निंबोळी पेंड. दोन-तीन इंचांच्या वर भर घालू नका. मुळांना हवा लागते, ती कोंडली की मोठं झाड सावकाश झिजत जातं. बुंध्याभोवती दीड-दोन फूट जागा पूर्ण मोकळी सोडा. सालीला माती टेकवून ठेवली की साल कुजते.

काळी माती असेल तर पावसाळ्यात पाणी साचतं, तेव्हा रोपं दोन बोटं उंचवट्यावर बसवा. जांभ्याच्या जमिनीत पाणी टिकत नाही, तिथे पानांचं खत जास्त लागतं. सोसायट्यांच्या कडेला बहुतेक वेळा मातीच नसते, बांधकामाचा राडारोडा असतो. तो वीतभर तरी काढून नवी माती भरल्याखेरीज पुढे जाऊ नये.

लव्हाळा असेल तर आधी त्याचा निकाल लावा. मोंडो ग्रास या गवतासारख्या रोपात (त्याबद्दल पुढे सांगते) तो शिरला की पानं इतकी सारखी दिसतात की ओळखू येत नाही. फुलाचा दांडा दोन बोटांत फिरवून पाहा, लव्हाळ्याचा दांडा तिधारी लागतो. ओढून काढलात तर खालची गाठ जमिनीतच राहते आणि पंधरा दिवसांत परत पान दिसतं. खुरपं खोल घालून गाठीसकट काढावा लागतो, तोही दोन-तीन फेऱ्यांत.

कोणती रोपं

माझ्या आंब्याखाली आज सगळ्यात जास्त जागा स्पायडर प्लांटची आहे, आणि कोरडी सावली असेल तर मी प्रत्येकाला हेच आधी सुचवते. रोप उपटून पाहा: मुळं पांढरी, जाड, मांसल असतात. त्यांत पाणी साठतं, म्हणून चार-पाच दिवस विसरलात तरी ते तग धरतं. लांब दांड्यांवर पिल्लं लटकतात, ती मातीला टेकली की रुजतात. हिरव्या पानाची जात पांढऱ्या पट्ट्यांच्या जातीपेक्षा चिवट. बोअरच्या क्षारयुक्त पाण्यानं पानांची टोकं तपकिरी होतात, पावसाळ्यात नवी पानं स्वच्छ येतात.

मोंडो ग्रास म्हणजे गवत नव्हे, पण गडद हिरवी, बारीक, वाकलेली पानं दुरून गवतासारखीच दिसतात. कवडशांपासून बऱ्यापैकी गडद सावलीपर्यंत चालतं, कापावं लागत नाही, वर्षभर रंग टिकवतं. दोष एकच, फार सावकाश पसरतं. बुटकी जात लावलीत तर जमीन झाकायला दोन वर्षं धरून चाला. ज्यांना लॉनसारखी हिरवळ हवीच आहे, त्यांच्यासाठी सावलीत हाच खरा पर्याय. हरळी-दूर्वांना भरपूर ऊन लागतं, त्या सावलीत टिकणार नाहीत.

अगदी कोरड्या आणि गडद कोपऱ्यात स्नेक प्लांटची बुटकी जात लावा. ती फुलासारख्या गुच्छात वाढते, पसरते हळू, पण मरत नाही. विदर्भात पारा पंचेचाळिशीला टेकतो तिथे मी स्पायडर आणि स्नेक प्लांट या दोघांवरच भिस्त ठेवीन.

ओली सावली मिळाली तर तुम्ही भाग्यवान, आणि तिथे माझं मन आपल्याच मातीतल्या दोन वनस्पतींकडे ओढतं. पहिली पिंपळी. औषधात वापरतात तीच. सह्याद्रीच्या ओलसर रानात ती जमिनीवर सरपटत असते. पानं बदामी आकाराची, गडद हिरवी, वरून शिरा दबलेल्या. वेल हलकेच उचलून पाहिलात तर प्रत्येक पेराखाली मुळांचा झुबका मातीत घुसलेला दिसतो. दोन पेरांचा तुकडा कापून लावला की नवं रोप. पिंपळीत नर आणि मादी वेल वेगळे असतात, फळं धरायला मादी वेल हवा. फक्त जमीन झाकायची असेल तर कुठलाही चालतो. उन्हाळ्यात एक दिवसाआड पाणी लागतं, एवढी एकच अट.

दुसरी मंडूकपर्णी, जिला पुष्कळ जण ब्राह्मीच म्हणतात. खरी जलब्राह्मी वेगळी, तिची पानं जाडसर आणि लहान. मंडूकपर्णीचं पान गोल, मूत्रपिंडाच्या आकाराचं, लांब देठावर. न्हाणीघराच्या पाण्याकडेला, नळाखाली ती छान पसरते. गडद सावलीत मात्र विरळ होते.

नेफ्रोलेपिस फर्न कोकणात, गोव्यात, मुंबईत डोळे झाकून लावावं. जमिनीलगत धावती खोडं टाकत पसरतं. घाटावर एप्रिल-मेमध्ये कडा करपतात, पण पाणी देत राहिलात तर पहिल्या पावसासरशी नवी कोवळी गुंडाळी वर येते.

रंग हवा असेल तर हेमिग्राफिस आणि ट्रॅडेस्कॅन्शिया झेब्रिना. हेमिग्राफिसची पानं खालून जांभळी, वरून राखाडी-हिरवी चमकतात. उजेड कमी झाला की चमक जाते, म्हणून त्याला कवडशांच्या कडेला ठेवा. झेब्रिना इतकी सहज रुजते की तुटलेला तुकडाही मातीत पडला की वाढतो. म्हणूनच तिची छाटणी ओढ्याकाठी, डोंगरावर, रानाच्या कडेला कधीही टाकू नका. अनेक उष्ण देशांत तिनं रानाची जमीन व्यापली आहे.

दोन नावांबद्दल सावध करते. वेडेलिया, पिवळ्या फुलांचं, रस्त्याच्या दुभाजकांवर दिसतं ते, जगातल्या शंभर सर्वांत उपद्रवी परकीय प्रजातींच्या यादीत आहे. स्वस्त मिळतं, झपाट्यानं पसरतं, आणि त्यातच धोका आहे. मी ते लावत नाही आणि कुणाला लावू देत नाही. दुसरं मनीप्लांट. जमिनीवर असेपर्यंत गुणी, पान लहान राहतं. बुंध्यापर्यंत पोचलं की वर चढतं, पानं सुपाएवढी होतात आणि झाड झाकलं जातं. लावलंत तर बुंध्याकडे जाणारं टोक दर महिन्याला तोडायची तयारी ठेवा. मनीप्लांट आणि सिंगोनियम यांच्या पानांत तोंडाला दाह करणारे स्फटिक असतात, रांगतं मूल किंवा मांजर-कुत्रं घरात असेल तर ही दोन्ही टाळा.

आणि भुईचाफा? खूप जण विचारतात. फूल अप्रतिम, पण हिवाळ्यात पानं पूर्ण वाळून जातात आणि उन्हाळ्यात उघड्या मातीतून थेट फूल उमलतं. बारमाही हिरवळीत तो बसत नाही. स्पायडर प्लांटच्या मधे चार कंद लावून ठेवा, ते आपल्या वेळी वर येतील.

रोपं किती लागतील

दहा बाय दहा फुटांच्या जागेला सहा इंच अंतरानं ४००, नऊ इंचांनी साधारण १८०, फूटभर अंतरानं १०० रोपं लागतात. मोंडो सहा इंचांवर, स्पायडर आणि हेमिग्राफिस नऊ इंचांवर, पिंपळी आणि फर्न फूटभर अंतरावर. एवढी रोपं विकत घेण्याची गरज नाही. मोंडोची एक पिशवी सोडवली की आठ-दहा फुटवे सुटे होतात. पिंपळीच्या पाच कुंड्यांमधून महिन्याभरात पन्नास छाट तयार होतात. घाई नसेल तर मार्चमध्ये थोडी मातृरोपं आणा, सावलीत कुंड्यांमध्ये वाढवा आणि जूनमध्ये फोडून लावा. मी असंच केलं.

लावणी

सगळ्यात चांगला काळ जूनअखेर ते ऑगस्टचा मध्य. पहिल्या पावसात धावू नका. दोन-तीन चांगल्या सरी होऊन जमीन आतपर्यंत भिजू द्या, त्यात उगवलेलं तण एकदा काढा आणि मग लावा. कोकणात मुसळधारेच्या दिवसांत उतारावर लावलेलं वाहून जातं, तिथे जोर ओसरल्यावर ऑगस्टमध्ये लावलेलं बरं.

ओळी समोरासमोर न ठेवता एकाआड एक सरकवून लावा, जमीन लवकर झाकते. रोप पिशवीत जितकं खोल होतं तितकंच खोल ठेवा. मोंडो आणि स्पायडरचा मधला कोंब मातीखाली गेला की सडतो. पिंपळीचं उलट: एक पेर मातीत, एक वर, आणि वेल लोंबत राहू नये म्हणून सुतळीचा किंवा तारेचा छोटा आकडा. मुळाभोवती माती दोन्ही अंगठ्यांनी दाबा, हवेची पोकळी राहू देऊ नका. मग रोपांच्या मधल्या उघड्या जागेत वाळलेल्या पानांचं दोन बोटं जाड आच्छादन. देवराईत गेलात तर खाली पाहा: तिथे जमीन हिरवीगार नसते, पानांच्या थरानं झाकलेली असते आणि त्या थरातून अधूनमधून फर्न वर आलेलं असतं. आपली रोपं मिळून येईपर्यंत आपणही तेच करायचं.

पहिलं वर्ष

पावसाळ्यात दोन खुरपण्या पुरतात, पण त्या चुकवू नका. याच काळात मोठ्या शंखी गोगलगायी येतात आणि एका रात्रीत हेमिग्राफिसची कोवळी पानं फस्त करतात. गोणपाट गुळाच्या पाण्यात भिजवून संध्याकाळी कडेला टाका, पहाटे त्याच्याखाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून गोळा करा आणि मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाका. सलग आठवडाभर केलं की फरक दिसतो.

पाऊस गेला की खरी परीक्षा. ऑक्टोबरच्या उन्हात रोज थोडं शिंपडण्यापेक्षा आठवड्यातून दोनदा भरपूर द्या, पाणी वीतभर खाली गेलं पाहिजे. मार्चपासून तीनदा. बोट खुपसून दुसऱ्या पेरापर्यंत ओल लागली तर त्या दिवशी थांबा. मोठ्या झाडाखाली ठिबकची नळी दोन फुटांवर वळवून टाकली तर श्रम वाचतात, शिवाय पानांवर पाणी न पडल्यानं बुरशीही कमी.

आंब्याखाली आणखी एक गोष्ट घडते, जी मला कुणी सांगितली नव्हती. मोहोर आला की तुडतुडे येतात आणि त्यांचा चिकट स्राव खालच्या पानांवर ठिबकतो. हात लावला की पानं मधासारखी चिकटतात आणि आठवड्याभरात त्यावर काजळी धरते. रोप आजारी नसतं. सकाळी पाईपनं पानं धुवा, पुरतं. पण आंब्यावर कीटकनाशक फवारणार असाल तर खाली पिंपळी किंवा मंडूकपर्णी खाण्यासाठी लावू नका, औषध त्यांच्यावरच उतरतं. आमच्याकडे म्हणूनच पिंपळी आंब्यापासून दूर, न्हाणीच्या मागे आहे.

आंब्याची पानं जाड, कुजायला वेळ घेणारी. मोंडोवर ती थरानं साचली की खालचे फुटवे पांढरे पडतात. आठवड्यातून एकदा हातानं उचला. खराट्यानं झाडलं तर नवी रोपं उखडतात. स्पायडर आणि फर्नच्या पानांमधून ती आपोआप खाली घसरतात, तिथे राहू द्या.

‘दाट झाडोऱ्यात साप येतील’ ही शंका शेजारच्या काकूंनी पहिल्याच दिवशी काढली होती, आणि ती उडवून लावण्यासारखी नाही. दार, पायरी आणि रोजच्या वाटेलगत दोन फूट पट्ट्यात बुटकं मोंडो किंवा नुसती खडी ठेवा, जमीन स्पष्ट दिसली पाहिजे. फर्न आणि पिंपळी आतल्या बाजूला. विटांचे, लाकडांचे ढीग हलवा आणि उष्टं-खरकटं बाहेर टाकू नका, कारण उंदीर असले की साप येतोच. संध्याकाळी तिथे हात घालण्याआधी काठीनं हलवून घ्या.

दुसऱ्या जूनमध्ये

आता विरळ जागा दिसतील. बुंध्याजवळ आणि जिथे पायवाट पडली आहे तिथे हमखास. पायवाटेवर पुन्हा रोप लावण्यात अर्थ नाही, तिथे दोन फरशा टाका. बाकीच्या जागी दाट झालेल्या भागातले फुटवे काढून लावा. मोंडोच्या गड्ड्यात खुरपं उभं घालून चौथा हिस्सा काढला तरी मूळ रोपाला कळत नाही. पिंपळी, झेब्रिना, हेमिग्राफिस कात्रीनं निम्म्यावर आणा, पावसात ती दाट फुटतात. फर्नची तपकिरी पानं बुडापासून कापा. एकदा चाळलेलं शेणखत वरून पातळ भुरभुरा आणि पानं झटकून घ्या.

माझ्या आंब्याखाली दुसऱ्या दसऱ्यापर्यंत माती दिसेनाशी झाली. बुंध्याभोवतीचा दोन फुटांचा गोल तेवढा मोकळा आहे, तिथे बसायला एक दगड ठेवला आहे.